मामंजींची बोटं

महाशिवरात्र उलटली की आमच्या वसमतच्या हवेला एक वास यायला लागतो. ज्यांनी हळद फक्त फोडणीत पाहिली आहे त्यांना तो ओळखू यायचा नाही. फोडणीतली हळद म्हणजे चिमटीतला नखरा. शेतात ढिगानं शिजणाऱ्या हळदीचा वास निराळा, त्यात ओली माती असते, कापूर असतो, कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर असतो आणि कुठं तरी उकडलेलं रताळंही असतं. तो एकदा लुगड्याला लागला की धुण्याला दाद देत नाही. आता शेतात ट्रॅक्टरमागून लोखंडी कुकर येतात, वाफेवर हळद शिजवतात आणि दिवस मावळायच्या आत पुढच्या शेतात जातात. सोय झाली, मी नावं ठेवणार नाही. पण वास तोच आहे, आणि तो आला की मी हातातलं काम टाकून गच्चीवर जाऊन उभी राहते.

सून खालून ओरडते, "आई, उन्हात काय करून राहिल्या?" तिला काय सांगू? मी तशी सहज भारावणारी बाई नाही. कुणी चमत्कार सांगायला लागलं की "तू स्वतः पाहिलास का?" असं विचारून त्याचा विरस करायची मला खोडच आहे. पण एका हळदीच्या हंगामात मी स्वतः जे पाहिलं, त्याचा अचंबा इतकी वर्षं झाली तरी उतरलेला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं आमच्या शिवारापर्यंत यायचं. शिरड शहापूरहून चालत जाण्याजोगं आमचं गाव, आणि गावाबाहेर कालव्याच्या अंगाला आमची थोडी जमीन. मी परभणीची, वडील रेल्वेत, त्यामुळं हळद मी किराणा दुकानातल्या पुडीत पाहिलेली. लग्न होऊन आले तेव्हा शेतात ती कर्दळीसारखी हिरवीगार उभी होती, आणि मी सासऱ्यांना विचारलं, "मामंजी, हिला हळद कुठं लागते?" ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे हसले. पुढं वर्षभर पाहुणा आला की त्याला सांगायचे, "आमची सून लई शिकेल हाये. हळद फांदीला हुडकती." मला राग यायचा नाही. त्यांच्या चेष्टेत माया असायची आणि ती लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

सटवाजी त्यांचं नाव. उंचपुरे, आवाज खणखणीत, डाव्या गालात कायम तंबाखूची गोळी. त्यांची एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्यांच्या तरुणपणी वसमतच्या बाजाराला गेलं की एका हॉटेलात आपल्या लोकांसाठी कपबशी वेगळी असायची, बाहेर खिळ्याला टांगलेली. आपली आपण काढायची, चहा वरून ओतून घ्यायचा, आपली आपण विसळून परत टांगायची. आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला त्यानंतरच्या एका बाजाराला मामंजी सोबत्यांना घेऊन सरळ आत शिरले, बाकावर बसले आणि आतल्या कपात चहा मागितला. "त्यो मालक इतका भेला," मामंजी मांडीवर थाप मारून सांगायचे, "की साखरच घालायची इसरला. बिनसाखरंचा पेलो. पर तसा ग्वाड चहा पुन्हा काई मिळाला न्हाई."

त्यांनीच घरात एक रीत पाडली होती. हळद शिजवायची शेवटची कढई उतरली की त्या दिवशी शेतावर राबलेली सगळी माणसं एका परातीत जेवायची. आम्ही घरची, शेजारचे हाताखाली आलेले गडी, लमाणांच्या तांड्यावरून हळद खणायला आलेल्या बाया, सगळे. इंगळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. तांड्यावरच्या बाया सुरुवातीला संकोचायच्या. मग मामंजी म्हणायचे, "हात घाला, हात घाला, परात काई कुनाच्या नावावर न्हाई." माझ्या पहिल्या वर्षी मी पिवळ्याधमक बोटांच्या त्या गर्दीत हात घातला तेव्हा आपण या घरच्या झालो असं मला वाटलं.

दुसऱ्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी गेले. मुलगी झाली, सुजाता नाव ठेवलं. मी परभणीत असतानाच मामंजींच्या गालात जखम झाली आणि काही केल्या बरी होईना. वसमतच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि पुढं पाठवलं. माझे यजमान शेजारच्या गावात शाळामास्तर होते. ते रजा काढून वडिलांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथं मामंजींच्या गालाचा तुकडा काढून तपासला, मग बरेच दिवस शेक दिला. किरणांच्या उपचाराला सगळे शेकच म्हणत. डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन कॅन्सर असल्याचं सांगितलं, आणि हळूहळू वाढेल, फार आशा धरू नका, असंही सांगितलं.

आज हा शब्द पोरंसोरंही बोलतात. तेव्हा तो मोठ्यानं उच्चारायची सोय नव्हती. नाव घेतलं तर ते दुखणं ऐकतं, घरात नसेल तर येतं आणि असेल तर वाढतं, असं माणसं खरोखर मानायची. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही, एरवी कशालाही न भिणारी बाई. विंचू चिमट्यात धरून बाहेर टाकायच्या. त्यांनी मुलाला शपथ घातली, "गौतम, माझ्या गळ्याची आन हाये. त्यांच्या कानावर त्या रोगाचं नाव पडलं तर माझं मेलं तोंड बघशील." मग ह्यांनी डॉक्टरांना हात जोडले, शेजाऱ्यांना सांगितलं, पाहुण्यांना वेशीवर गाठून बजावलं. मामंजींना सगळ्यांनी एकच सांगायचं होतं, की गालाला जखम झाली आहे, शेकानं सुकेल.

मी लेकराला घेऊन सासरी परतले तेव्हा हळद काढून झाली होती आणि शेतात कढई चढली होती. आत्याबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी आपली इकडं तिकडं पाहते आहे, की आता मोठा आवाज येईल, "आली का माझी नात?" आवाज आला नाही. मामंजी घरात राहतच नव्हते. दवाखान्यातून आल्यापासून त्यांनी आपलं अंथरूण आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गुरांच्या कोठ्याजवळ, नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन शेतावर गेले. लेकरू काखेत. ते कढईजवळ बसले होते. डाव्या गालावर शेकानं काळपट चट्टा पडला होता आणि चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला होता. मला पाहून ते उठले आणि कढईच्या पलीकडं गेले. "भाकर तिथं ठिव दगडावर," म्हणाले. "लेकराला धूर लागंल, घरी जा." त्यांनी मान उंच करून लांबूनच सुजाताकडं पाहिलं. इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता हात पुढं करतील. पण ते खाली वाकून जाळ सारायला लागले.

आखाड्याच्या भिंतीला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला त्यांचा कप टांगलेला होता. त्यांनी स्वतःच टांगलेला. जवळ त्यांची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली पालथी घातलेली. आम्ही कुणी त्यांना भांडं वेगळं केलं नव्हतं. आत्याबाईंनी तर एकदा त्यांचा कप उचलून घरात आणला होता, तर त्यांनी तो हिसकावून घेतला आणि राखेनं घासून परत टांगला. ज्या माणसानं भर बाजारात बाहेरच्या कपाला लाथ मारली, तोच हा माणूस होता.

आत्याबाईंनी त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. "माया तोडून राहिलेत," त्या चुलीपुढं बसून मला म्हणाल्या. "मानसाला कळत असतंय आपलं. लेकराला लळा लागू नये मनून जवळ घेत न्हाईत." मलाही ते पटलं. जाणारा माणूस आधी मनानं जातो, असं मी माझ्या आजीकडून ऐकलं होतं.

पण एक गोष्ट त्या अर्थात बसत नव्हती. हळद शिजताना कढईवर हळदीचाच पाला आणि ओलं गोणपाट झाकतात. फेस वर आला, वासाची वाफ उठली, की गोणपाट बाजूला सारून एक हळकुंड बाहेर काढतात आणि त्यात काडी टोचून पाहतात. सहज शिरली की झालं. हळकुंड काढायला झारा असतो. मामंजी झारा वापरत नव्हते. ते रटरटत्या कढईच्या कडेचं हळकुंड उघड्या बोटांनी उचलायचे आणि मुठीत धरायचे. पटकन टाकून द्यायचे नाहीत. आपल्याच मुठीकडं एकटक पाहत राहायचे, मग ते दुसऱ्या हातात घ्यायचे, आणि तिकडंही तसंच पाहायचे. त्यांच्या बोटांच्या पेरांना फोड आले होते. फोड फुटून त्यावर पुन्हा फोड आले होते.

मी हे लांबून पाहिलं आणि मला दिसलं ते असं, की हात भाजला की त्यांचा चेहरा सैल पडतो. वेदनेनं आक्रसत नाही, उलट निवांत होतो. एवढं चटके देणारं हळकुंड कुणी हातात धरावं आणि त्याला बरं वाटावं, हे कुठलं दुखणं? मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत मी खिळूनही राहिले. माणसाच्या आत केवढं काय चालू असू शकतं आणि बाहेर फक्त एक मूठ दिसते.

रात्री जेवताना मी ते ह्यांच्या कानावर घातलं. हे म्हणाले, "मनावर परिणाम झालाय त्यांच्या." गालाच्या जखमेसाठी शहर होतं, मोठा दवाखाना होता, शेकाचं यंत्र होतं. मनावर परिणाम झाला तर कुठली एसटी धरायची, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

शेवटची कढई उतरली तो दिवस मला हवेसकट आठवतो. ऊन चांगलंच तापलं होतं. कालव्याच्या पाटाला पाणी होतं. एका बाजूला शिजलेली हळद वाळायला पसरली होती आणि तिच्यावरून हलकी वाफ निघत होती. परात मांडली. आत्याबाईंनी भरीत कालवलं. शेजारचे गडी आले, तांड्यावरच्या बाया आल्या. त्यांच्यात जमनाबाई नावाची एक होती, गालावर गोंदण, तोंडावर ओढणी, कामाला वाघीण आणि बोलायला मुखस्तंभ. सगळे बसले. मामंजी मात्र आपली ताटली घेऊन लांब बाभळीखाली जाऊन बसले.

परातीत कुणी हात घालेना. ज्यानं ही रीत पाडली तोच बाहेर बसला, मग आपण कसं सुरू करायचं, असा सगळ्यांच्या तोंडावर भाव. हे माझ्याकडं पाहायला लागले. मी सुजाताला घेऊन बाभळीकडं गेले.

"मामंजी, चला. सगळे खोळंबलेत."

"जेवा मन त्यांना. मला भूक न्हाई."

"मग हिला तरी घ्या. मी वाढते तोवर." आणि मी लेकरू पुढं केलं.

ते उठले. मागं सरले. बाभळीच्या खोडाला पाठ टेकेपर्यंत मागं सरले आणि दोन्ही हात पाठीमागं लपवले. "लांब ने," म्हणाले. "लांब ने तिला. तिची बोटं गळतील."

मला काही उमजेना. "कुणाची बोटं गळतील, मामंजी?"

"माझी तर गळायचीच हायेत," ते म्हणाले. आवाज त्यांचा राहिलाच नव्हता, सगळा घोगरा. "अजून गरम लागून राहिलंय. रोज बघतो मी. ज्या दिवशी गरम लागायचं न्हाई, त्या दिवशी हितून बी निघून जाईन. तुमाला कुनाला सांगायची तकलीफ देनार न्हाई. पर ह्या लेकरानं काय केलं?"

परातीभोवतीच्या सगळ्यांना ते ऐकू गेलं होतं. आणि मग आम्हाला एकेक करत कळत गेलं. महारोगाला आमच्याकडं रगतपिती म्हणत. त्या रोगात कातडी बधिर होते, चट्टा पडतो, मग बोटं झडतात. मामंजींचा गाल शेकानंतर बधिर झाला होता. त्यावर चट्टा होता. दवाखान्यात आजूबाजूच्या खाटांवर त्यांनी नाक खाल्लेली, गाल खाल्लेली, फडक्यांत गुंडाळलेली तोंडं पाहिली होती, आणि त्यातल्या कुणालाच आपल्या रोगाचं नाव माहीत नव्हतं, कारण त्यांच्याही घरच्यांनी डॉक्टरांना हात जोडले होते. घरी आले तर ते दिसताच बोलणं थांबायचं. पाहुणे त्यांच्याकडं न पाहता गालाकडं पाहायचे. रोग्यासमोर ज्याचं नाव घेत नाहीत असा रोग कुठला? मामंजींना एकच माहीत होता. त्यांच्या लहानपणी गावातल्या एका बाईला तो झाला होता आणि तिला ओढ्यापलीकडं खोपी घालून दिली होती. तिला भाकरी लांबून टाकायचे. टाकणाऱ्यांत ते स्वतः होते.

आम्ही सगळ्यांनी मायेपोटी शब्द गिळला होता. त्या रिकाम्या जागेत त्यांनी आपल्याला माहीत असलेली सगळ्यात वाईट गोष्ट ठेवली होती आणि ती घेऊन ते एकटे आखाड्यावर राहत होते.

आत्याबाई परातीवरून उठल्या. त्यांच्या उजव्या हाताला भरीत लागलेलं होतं. चालत आल्या, डावा हात सुजाताच्या डोक्यावर ठेवला आणि नवऱ्याकडं पाहून म्हणाल्या, "हिची आन घिऊन सांगते. तुमाला रगतपिती न्हाई. तुमाला क्यान्सर झालाय."

ज्या बाईनं तो शब्द सगळ्या गावाला गिळायला लावला होता, तीच तो बोलली. मला वाटलं, आता हा माणूस खाली कोसळणार.

मामंजी म्हणाले, "पुन्हा बोल."

"क्यान्सर."

"त्यानं मानूस मरतंय."

"व्हय."

"पर त्यो लागत न्हाई दुसऱ्याला?"

"न्हाई लागत."

"लेकराला?"

"कुनालाच न्हाई लागत. गौतमला इचारा, डाक्तरनं बराबर सांगितलंय."

ह्यांनी मान हलवली. मामंजी आमच्या मधून निघून पाटाकडं गेले. पाण्यात बसून त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, हळदीनं पिवळे झालेले फोडांचे हात. धोतराच्या सोग्याला पुसले. मग परत येऊन त्यांनी ते पुढं केले आणि मी सुजाताला त्यांच्या हातांत दिलं. त्यांनी तिला छातीशी धरलं, तिच्या टाळूचा वास घेतला, आणि हसायला लागले. तोंड अर्धंच उघडत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते हसत होते. "अगं मंग आधी सांगायचं," आत्याबाईंना म्हणत होते. "आधी सांगायचं ना येडे. मी मरायलोय फक्त."

आपल्याला कॅन्सर आहे हे ऐकून आनंदानं हसणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. गडी हात आखडून बसले होते. जमनाबाईनं ओढणी दातांत धरली होती आणि ती डोळे मोठे करून पाहत होती. मी माझं काय झालं ते सांगते. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. एखाद्या मोठ्या नदीच्या काठाला पहिल्यांदा उभं राहिल्यावर येतो तसा तो होता. मरणाची भीती ही सगळ्यात मोठी भीती, असं मी पुस्तकात वाचलं होतं आणि मानतही होते. माझ्यासमोर एक माणूस मरण हातात घेऊन बसला होता आणि त्याला ते हलकं वाटत होतं, कारण त्याच्या दुसऱ्या हातात नात होती.

मग ते परातीपाशी येऊन बसले आणि त्यांनी पहिला घास घेतला. दूध आणि भाकरीचा कुस्करा याशिवाय त्यांना काही गिळता येत नव्हतं, भरीताच्या तिखटानं जखम पेटली असणार. तरी त्यांनी घेतला.

ही गोष्ट इथं संपवली तर ती फार गोड होईल आणि खोटीही होईल. चार दिवसांनी मरणाची भीती आलीच. आधी तिला यायला जागा नव्हती, आता ती आली आणि चांगली ऐसपैस बसली. भर दुपारी अंगणात बाजेवर बसलेले मामंजी एकदम म्हणायचे, "आज लई भेव वाटून राहिलंय." मग हातातलं टाकून कुणी तरी जवळ जाऊन बसायचं. आत्याबाई आधी समजूत घालायला बघायच्या, की बरं वाटेल, गंडा बांधू, अमक्याचा तमका बरा झाला. ते ऐकून ते चिडायचे. पुढं पुढं त्या नुसत्या बसायला शिकल्या. त्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन फोडांच्या वणांना खोबरेल तेल लावायच्या. कधी ते रडायचे. कधी माझ्यावर खेकसायचे. एकदा तर त्यांनी ताटली भिरकावली आणि मग दिवसभर सुजाताला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या घातल्या. पण हे सगळं घरात चाललं होतं, आमच्या डोळ्यांदेखत. आखाड्यावर नव्हतं.

आताच्या मोठ्या दवाखान्यांत म्हणे कॅन्सरच्या माणसाशी त्याच्या मनाबद्दल बोलायला वेगळी माणसं असतात. ऐकून फार बरं वाटलं. पण मागच्याच महिन्यात आमच्या गल्लीत एका बाईंना भेटायला गेले तर त्यांच्या मुलानं मला जिन्यातच अडवलं. "काकू, आईसमोर नाव काढू नका. आम्ही गाठ म्हणतो फक्त." शिकलेला मुलगा, हातात महागडा फोन. त्याचे डोळे रडून सुजलेले होते, त्याच्यावर मी कशी रागावू? वर गेले तर बाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. त्यांच्या मनात त्या कोऱ्या जागी काय भरलं असेल, याचा विचार करत मी घरी आले. उद्या पुन्हा जाणार आहे. आधी मुलाला खाली चहाला बसवणार आहे आणि त्याला मामंजींची बोटं सांगणार आहे.

मामंजी त्यानंतर एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा काढून गेले. त्या दिवसांत त्यांना एक नवीनच खोड लागली होती. भेटेल त्याला स्वतःहून सांगायचे, "मला क्यान्सर हाये." एसटीच्या थांब्यावर, विहारात, न्हाव्यापुढं बसल्यावर. आमच्या घरी मुलगी झाली हे सांगावं तशा आवाजात सांगायचे. ऐकणारा खाली पाहायचा, पायानं माती उकरायचा, काही जण तर दोन पावलं मागं सरायचे. मामंजींना त्याची गंमत वाटायची. ह्यांना लाज वाटायची. मला त्यांच्याकडं पाहतच राहावंसं वाटायचं.

पाऊस सरला होता. हळद पुन्हा कमरेला आली होती. एके दिवशी कलत्या उन्हात आम्ही आखाड्यावर होतो, मामंजी बाजेवर, मी आणि आत्याबाई खाली बसून तूर निवडत होतो. तांड्याच्या वाटेनं जमनाबाई आली. मागं तिचा नवरा, तो बांधावरच थांबला आणि आमच्याकडं पाठ करून उभा राहिला. जमनाबाई येऊन बाजेसमोर बसली. ओढणी नाकापर्यंत ओढलेली. काम मागायचं म्हणावं तर कामाचे दिवस नव्हते. आत्याबाईंनी पाणी दिलं, ते ती प्यायली नाही. उजवा हात तिनं ओढणीखाली डाव्या छातीवर घट्ट दाबून धरला होता.

मामंजींनी एकदा त्या हाताकडं पाहिलं. मग हळूच पाय उचलून बाजेवर वळले आणि तिच्याकडं पाठ करून हळदीच्या शेताकडं तोंड करून बसले.

"मी तिकडं बघतो," म्हणाले. तोवर त्यांचं बोलणं कळायला अवघड झालं होतं, पण हे स्पष्ट कळलं. "तू बोल. नाव घे त्याचं. नाव घेतल्यानं वाढत न्हाई. मी रोज घेतो."

वाऱ्यानं हळदीची पानं एकमेकांवर घासत होती. मग जमनाबाईनं तोंडावरची ओढणी बाजूला सारली, आणि शेतातल्या कामात कधी दोन शब्द न बोललेली ती बाई मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, तो एक शब्द बोलली, "क्यान्सर."

बांधावर पाठ करून उभा असलेला तिचा नवरा वळला. डोक्याचं पागोटं काढून हातात घेत तो चालत आला आणि तिच्या शेजारी, तिला अगदी खेटून, मातीत बसला.